मदत हवी आहे: मचीन टपाल तिकिटांच्या छटा ओळखायच्या कशा?

मंडळी, ब्रिटनच्या मचीन सिरीजची (राणी एलिझाबेथचा चेहरा असलेली नेहमीची टपाल तिकिटं) वापरलेली तिकिटं लावतोय, १९६७ पासूनची, आणि फर्स्ट क्लासच्या (जलद टपालाच्या) सोनेरी तिकिटांपाशी गाडी अडलीये. काही पिवळसर दिसतायत, काही चक्क तपकिरीकडे झुकणारी, आता ही खरंच वेगळी छपाई की ऊन लागून किंवा पाण्यात भिजवल्यामुळे रंग बदललाय हे कळायचं कसं? धातूसारखी चकाकणारी शाई असल्याने दिव्याखाली जरा तिरकं धरलं तरी छटा बदलते, त्यामुळे मी आता खिडकीतल्या उजेडात पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून बघतो, फोनच्या फोटोवर तर अजिबात विश्वास नाही.

ग्रॅव्ह्युअर आणि लिथो या छपाईच्या दोन पद्धती, त्यात भिंगातून ग्रॅव्ह्युअरच्या अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात आणि लिथोच्या साफ, एवढं जमतं. पण एकाच पद्धतीत दोन छापखाने असले की काय बघायचं? फॉस्फरच्या पट्ट्यांसाठी (टपाल छाननी यंत्रांसाठी तिकिटावर छापलेल्या, यूव्हीखाली दिसणाऱ्या पट्ट्या) यूव्ही दिवा घ्यायचाय, लाँगवेव्ह (लांब तरंगलांबीचा) पुरेल का शॉर्टवेव्हपण (आखूड तरंगलांबीचा) लागेलच? आणि छटा जुळवून बघायचं छापील कलर गाईड खरंच उपयोगी पडतं का? कुणी स्वतः वापरलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, फार मनापासून जमवतोय हे.