सातारा रस्त्यावरून सायकलने कामावर जाताना

प्रश्न: कात्रजहून स्वारगेटला मी रोज सायकलने कामावर जातो. पुण्यात २००६ साली बीआरटी (बससाठी राखीव मार्गिकांची सेवा) आली तेव्हा या रस्त्याकडेला सायकल मार्गही आखले गेले, परंतु त्यांवर दुचाकी उभ्या असल्याने मला बसगाड्यांच्या शेजारून जावे लागते. पावसात ब्रेकही उशिरा लागतात. काय करावे?

प्रतिसाद १: ओल्या रिमवर ब्रेकची रबरे घसरतात, म्हणून थांबण्याच्या बरेच आधी ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यावी. उभ्या मोटारींपासून मीटरभर अंतर राखा, कारण अचानक उघडलेले दार चुकवायला वेळच मिळत नाही. माझे मनगट त्यातच मोडले.

प्रतिसाद २: गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याला समांतर असल्यास अरुंद चाक अडकते. तिथे आधीच मागे पाहून, हात दाखवून बाजूला व्हावे.