बीएस्सीच्या प्राणीशास्त्रातली इंग्रजी नावं डोक्यात राहत नाहीत, काय करू?

घाटंजीचा विद्यार्थी
दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता बीएस्सी पहिलं वर्ष, रोज एसटीनं जाणं-येणं. वर्गात समजल्यासारखं वाटते, पण घरी पुस्तक उघडलं की लेपिडोप्टेरा, कोलिओप्टेरा सगळं एकात एक. मामा म्हणतात, अजून वेळ आहे, डी. फार्म. कर. मले विषय सोडायचा नाही. एम.एस्सी.पर्यंत आपला टिकाव लागते का?

वणीची ताई
भाऊ, मी मराठी शाळेतूनच आली आणि अमरावती विद्यापीठातून प्राणीशास्त्रात एम.एस्सी. केलं. पाठांतर थांबव, आधी वस्तू हातात घे. आज रात्री बल्बाखाली पडलेला पतंग चिमटीत धर. बोटाला पिठासारखी भुकटी लागेल, ते पंखांवरचे खवले. ग्रीकमध्ये लेपिस म्हणजे खवला, प्टेरॉन म्हणजे पंख, म्हणून पतंग लेपिडोप्टेरात. कोलिओस म्हणजे म्यान. शेणातला भुंगा उडताना वरचे टणक पंख बाजूला करतो ना, तेच म्यान, म्हणून भुंगा कोलिओप्टेरात.

आता माझं सांगते. २०१७ ला आमच्या पराटीत, म्हणजे कपाशीत, गुलाबी बोंडअळी घुसली. बोंड वरून चांगलं, फोडलं की आत सरकी पोखरलेली, कापसाची कवडी. पुढं नैसर्गिक निवड शिकताना मला आमच्या कोनाड्यातली १२० ग्रॅमची पुडी आठवली. बीटीच्या, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या कपाशीच्या, ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत ती साध्या सरकीची यायची, वावराच्या कडेनं लावायला. आम्ही कधी लावलीच नाही. त्या साध्या पराटीवर वाढलेले बोंडअळीचे पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी जुळले असते, तर विषाला न जुमानणारी पैदास इतक्या लवकर माजली नसती. त्या तासाला मला रडू आलं. बाबांना ती पुडी कशासाठी आहे हे कोणी समजावूनच सांगितलं नव्हतं. हा विषय आपल्या घरचा आहे, भाऊ. सोडू नको.

हिंगणघाटवाला
ताईंचं बरोबर आहे. एम.एस्सी.साठी जॅमचा, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या प्रवेश परीक्षेचा, बायोटेक्नॉलॉजीचा पेपरही डोक्यात ठेव, परीक्षा फेब्रुवारीत असते. त्यात रसायनशास्त्रासोबत गणित आणि भौतिकशास्त्रही विचारतात, म्हणून बारावीची पुस्तकं रद्दीत देऊ नको. मी दिली होती, मग जुनी पुस्तकं शोधत महिनाभर फिरलो.

घाटंजीचा विद्यार्थी
ताई, आज वावरात गेलो. एक डोमकळी, म्हणजे न उमललेलं मिटकं फूल, तोडून उघडली. पाकळ्या आतून धाग्यानं शिवल्यासारख्या, अन् मधोमध अळी. पण ते पांढरीच आहे, डोकं तेवढं काळपट. गुलाबी काऊन नाही?

वणीची ताई
लहान आहे अजून. कात टाकत टाकत शेवटच्या अवस्थेत गुलाबी होते. काडेपेटीत कळीसकट ठेव, रोज बघ आणि तारीख टाकून चित्र काढ.