इसीजी नॉर्मल येतो, तरी नाडी मध्येच वेडीवाकडी का लागते?

माशेल: आईचं वय ६७. ब्लडप्रेशरसाठी क्लोरथॅलिडोन १२.५ मिग्रॅ आणि थायरॉइडची १०० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. आठवड्यातून एकदोनदा, बहुधा रात्री, छातीत धडधडतं. नाडी कधी भरभर, कधी अडखळत लागते. अर्ध्या तासात आपोआप थांबतं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं ठीक असतं, इसीजी नॉर्मल. ‘टेन्शन’ म्हणून झोपेची गोळी दिली आहे. पुढे काय तपासावं?

बांबोळी: साधा इसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो. धडधड थांबल्यावर काढलेल्या कागदावरून त्रास नाही असं ठरत नाही. २४ तासांचं होल्टरही (अंगावर लावून सतत इसीजी नोंदवणारं यंत्र) कोऱ्या दिवशी लागलं तर फुकट जातं. ७ ते १४ दिवसांचा पॅच (छातीवर चिकटवून इसीजी नोंदवणारी पट्टी) मिळेल का, हे गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) हृदयरोग ओपीडीत विचारा. तोवर त्रास चालू असतानाच मनगटाची नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा, सुरू आणि बंद झाल्याची वेळ लिहा. ठोक्यांना काहीच ताल नसेल, तर एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याचा) संशय पहिला. ठोके भरभर पण घड्याळासारखे, बटण दाबल्यागत सुरू आणि बंद होत असतील, तर तो बहुधा वेगळा प्रकार. इसीजी काढणारं घड्याळ असेल तर ३० सेकंदांची पट्टी त्याच वेळी काढून छापून न्या.

फोंडा: कारणं तुम्ही दिलेल्या औषधांतच असू शकतात. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घालवतं. एप्रिल-मेच्या घामात, जुलाबात ते आणखी खाली जातं. थायरॉइडचा डोस जास्त होऊन टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) ०.१ च्या खाली गेला, तर साठीपुढे फिब्रिलेशनचा धोका बराच वाढतो. म्हणून सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, टीएसएच, हिमोग्लोबिन एकदमच करा. शिवाय इको (हृदयाची सोनोग्राफी) हवाच, डावा कर्णिका-कप्पा आणि मायट्रल झडप पाहायला. रात्रीच त्रास होतो, तर आई घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हे लक्ष देऊन ऐका. सर्दीच्या गोळ्या (स्युडोएफेड्रिन, फिनाइलएफ्रिन) बंद ठेवा. अझिथ्रोमायसिनबरोबर (अँटिबायोटिक) डोमपेरिडोन (उलटीची गोळी) परस्पर घेऊ नये. पोटॅशियम कमी असताना ही जोडी धोक्याची.
आणि कृपा करून पोटॅशियमचं सिरप किंवा रोज शहाळ्यांचा मारा स्वतःहून सुरू करू नका. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर पोटॅशियम वर जाऊन हृदय थांबू शकतं.

माशेल: त्रास होतो त्या वेळी काय करायचं? आणि फिब्रिलेशनच निघालं तर ॲस्पिरिन द्यावी का?

बांबोळी: बसवा, नाडी मोजा. ताल नियमित आणि फार वेगवान असेल, तरच ही युक्ती, तीही डॉक्टरांकडून आधी समजून घेऊन: १० मिलिच्या सिरिंजमध्ये, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, लगेच आडवं करून पाय ४५ अंशांवर १५ सेकंद धरायचे. अनियमित नाडीत याचा उपयोग नाही. मानेची नस दाबू नका, या वयात त्याने पक्षाघात होऊ शकतो. छातीत दुखणं, दम, चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यातलं एकही दिसलं तर थेट १०८.

ॲस्पिरिन नको. फिब्रिलेशनमुळे हृदयात होणाऱ्या रक्ताच्या गुठळीपासून ती पुरेसं संरक्षण देत नाही, रक्तस्राव मात्र करते. वय ६५ च्या पुढे आणि ब्लडप्रेशर, एवढ्यावरच रक्त पातळ करणाऱ्या खऱ्या औषधाचा विचार होतो. बहुतेकांना ॲपिक्साबानसारखं चालतं. मायट्रल झडप बरीच अरुंद असेल तर वॉरफरिनच, आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते दाखवणारी तपासणी) २ ते ३. वॉरफरिनवर तांबडी भाजी सोडायची गरज नाही, दर आठवड्याला प्रमाण सारखं ठेवा. एकदम वाढवली की आयएनआर खाली येतो.