लग्नाआधीचं फेशियल
लग्नाच्या दोन दिवस आधी पहिल्यांदाच फेशियल करू का, असं एका ताईने विचारलंय. ताई, नको! वाफ, ब्लॅकहेड्स काढणं, मसाज यानंतर त्वचा लाल होते, काहींना पुळ्याही येतात. करायचंच तर तीन-चार आठवडे आधी करून बघा, आणि सोबत ब्लीच नको. फेशियलने मृत पेशी निघून चेहरा काही दिवस तजेलदार दिसतो, एवढंच. वांग त्याने जात नाहीत.

रोजच्यासाठी सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन पुरे. सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीची रेघ ओढून घ्या. चेहरा-मानेला तेवढं लागतंच. बहुतेक जणी वाटाण्याएवढं लावतात, मग टॅन होतंच म्हणतात.

आणि कळकळीने सांगते, मेडिकलमधून कुणी सुचवलेली गोरेपणाची ट्यूब आणू नका. वेष्टनावर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासॉल दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. आधी चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ होते आणि बंद केलं की आग, लाली, पुरळ सुरू. तुमची अशी ट्यूब आधीच चालू असेल तर फेशियल राहू द्या, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.