मदत हवी आहे: लिव्हरच्या पेशींवर अफ्लाटॉक्सिनचा परिणाम दिसतच नाहीये (बडोदा)

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात पीएचडी करतेय. शेंगदाणा आणि मक्यावर जी बुरशी येते तिच्यातलं विष, अफ्लाटॉक्सिन बी१, लिव्हरच्या पेशींना नेमकं काय करतं हा माझा विषय. इथे सेल कल्चर किंवा टॉक्सिकॉलॉजीवालं कोणी असेल तर प्लीज वाचा, पोस्ट जरा मोठी झालीये.

मी हेपजी२ पेशी वापरतेय, म्हणजे लिव्हरच्या ट्यूमरपासून केलेल्या, लॅबमध्ये वाढवायच्या पेशी. १ ते १० मायक्रोमोलर डोस, ४८ तास, मग एमटीटी टेस्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जिवंत पेशी एमटीटीच्या पिवळ्या द्रावणापासून जांभळे स्फटिक बनवतात, मेल्या तर रंग फिका पडतो. तर माझी ९६ खान्यांची प्लेट या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळीच, खालचे डोस तर कंट्रोलशेजारी (म्हणजे विष न घातलेल्या पेशींशेजारी) धरले तरी डोळ्यांना फरक कळत नाही. टॉक्सिन ज्यात विरघळवते ते डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर जाऊ दिलेलं नाही, टॉक्सिन अंबर व्हायलमध्ये अंधारात ठेवते, मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा जंतू) टेस्ट निगेटिव्ह आहे.

सर म्हणतात डोस वाढव, मरतील. मरतील हो, पण त्यातून मला काय कळणार? बी१चा रेणूभार ३१२, म्हणजे १० मायक्रोमोलर म्हणजेच लिटरला तीन मिलिग्रॅमच्या वर झालं. धान्याला एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. माणूस वर्षानुवर्षं थोडं थोडं खात असतो आणि पुढे जो लिव्हरचा कॅन्सर होतो तो ज्या पेशी जगल्या आणि ज्यांच्या डीएनएत बदल राहून गेला त्यांच्यातून होतो, मेलेली पेशी काय कॅन्सर करणार. त्यामुळे मला कमी डोसलाच काय होतं ते बघायचंय.

माझा संशय असा आहे. बी१ स्वतःहून फारसं काही करत नाही, लिव्हरमधली सीवायपी३ए४ आणि सीवायपी१ए२ ही एन्झाइम्स त्याचं इपॉक्साइड हे जहाल रूप करतात आणि ते डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटतं. त्यातूनच कॅन्सर रोखणाऱ्या पी५३ जीनच्या २४९व्या कोडॉनमध्ये (डीएनएच्या तीन अक्षरांच्या गटात) जी या अक्षराचा टी होतो, आफ्रिका आणि चीनच्या ज्या भागांत हे विष खाण्यात जास्त येतं तिथल्या ट्यूमर्समध्ये हा बदल पुन्हा पुन्हा सापडलाय. पण हेपजी२ ही एका १५ वर्षांच्या मुलाच्या ट्यूमरपासून केलेली लाइन, तिच्यात ही एन्झाइम्स अगदीच कमी. म्हणजे माझ्या प्लेटमध्ये विष पडतंय पण ते चेततच नसेल, असं असू शकतं ना? मग हेपाआरजी (ही एन्झाइम्स भरपूर असलेल्या लिव्हरच्या पेशी) घ्यावं, एस९ (लिव्हर वाटून काढलेला एन्झाइमयुक्त अर्क) घालावं, की एमटीटी सोडून कॉमेट (डीएनए तुटलाय का ते दाखवणारी टेस्ट) करावं? बजेट फार नाहीये.

एवढं मनाला का लावून घेतेय तेही सांगते. पंचमहाल जिल्ह्यातलं गोधरा आमच्यापासून दीड-दोन तासांवर. १९७४ साली त्याच पंचमहालात आणि शेजारच्या राजस्थानातल्या बांसवाड्यात अवेळी पावसाने भिजलेला मका लोकांनी खाल्ला, दुसरं खायला नव्हतंच, आणि गावंच्या गावं काविळीने पडली, पोटात पाणी झालं, १०६ माणसं गेली. घरातलंच उरलंसुरलं खाणारी कुत्रीसुद्धा गेली. त्या मक्यात ६ ते १५ पीपीएम (किलोला ६ ते १५ मिलिग्रॅम) टॉक्सिन निघालं होतं, म्हणजे आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजार पट. इथल्या तरुण मुलांना हे माहीतच नाही, माझ्या लॅबमध्येही नाही.

इथल्या हाथीखाना बाजारातून आणलेल्या शेंगदाण्याच्या सॅम्पलमध्ये गोणीच्या तळाचे दाणे बघितले, आक्रसलेले, साल सुरकुतलेलं, फोडलं की दोन फाकांच्या मधे हिरवट पिवळी लव. त्याला चिकटून असलेला दाणा मात्र टेस्टला स्वच्छ निघाला. त्यामुळे सॅम्पलिंग हा वेगळाच ताप आहे, त्यावर नंतर कधीतरी लिहीन.

प्रतिसाद १

मी मकरपुऱ्याला असते. तुमचं एमटीटी डोक्यावरून गेलं पण एक विचारते, दाणे खमंग भाजले तर हे जातं का हो? आमच्याकडे उपासाला खिचडीत कूट भरपूर लागतं.

धागाकर्ती

काकू, भाजल्याने थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही, कढईच्या तापाला ते टिकतं. आक्रसलेले, काळपट दाणे भाजायच्या आधीच निवडून टाका, विषाचा मोठा भाग त्या मूठभर खराब दाण्यांतच असतो. पावसाळ्यात थोडे थोडेच आणा आणि डबा कोरडा ठेवा. कडवट दाणा तोंडात आला तर सरळ थुंकून टाका, गिळू नका.

प्रतिसाद २

ताई, तुमचा संशय बरोबर वाटतो. मी जेनेटिक टॉक्सिकॉलॉजीत काम करतो. हेपाआरजी उत्तम पण महाग, आणि पेशी तयार व्हायलाच महिना जातो. आधी एस९ करा. उंदराच्या लिव्हरचं इंड्यूस केलेलं (म्हणजे एन्झाइम्स आधी वाढवून घेतलेलं) एस९, सोबत एनएडीपी आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट, नाहीतर एन्झाइम चालणारच नाही. एस९ स्वतःच पेशींना त्रास देतं म्हणून तीन-चार तासच ठेवा, मग धुऊन ताजं मीडियम घाला. एक कंट्रोल उकळून मारलेल्या एस९चा ठेवा, आणि सायक्लोफॉस्फामाइड हे औषधही लावा, त्यालाही असंच चेतवावं लागतं, तेवढ्यात तुमचं एस९ चालतंय की नाही ते कळेल. कॉमेट नक्की करा पण अल्कलाइनच, पीएच १३च्या वर. बी१ डीएनएला चिकटतं, तोडत नाही, ती कमकुवत झालेली जागा अल्कलीतच तुटते, न्यूट्रल कॉमेटमध्ये काही दिसणार नाही. आणि टेबल, टिप्स सगळं हायपोक्लोराइटने पुसत जा, हयगय नको.

धागाकर्ती

दादा, खूप खूप आभार, उकळलेल्या एस९चं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. आता सरांपुढे डोस न वाढवण्याचं नीट कारण मांडता येईल. फक्त एक अडचण, एस९ची अख्खी किट आमच्या बजेटबाहेर आहे आणि मला दोन-तीन प्लेटपुरतंच हवंय. एम्स टेस्ट (रसायनाने जीनमध्ये बदल होतो का ते जिवाणूंवर बघायची चाचणी) करणाऱ्या लॅबला हे रोजच लागतं, तर अहमदाबाद किंवा वापीकडे अशा लॅबमध्ये कोणाची ओळख असेल आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधली एखादी व्हायल मिळण्यासारखी असेल तर प्लीज मेसेज करा. ड्राय आइसचा डबा घेऊन मी स्वतः येईन, आमच्या विभागाचं रीतसर पत्रही आणेन.