"किमान एक मुलगा आहे": उत्तर निम्मं की एक तृतीयांश?

धागाकर्ता
कोडं जुनं आहे, गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या सदरात दिलं होतं. एका माणसाला दोन अपत्यं आहेत (मुद्दाम अपत्यं लिहितोय, "दोन मुलं" लिहिलं की मराठीत तिथेच घोळ होतो). त्यातला किमान एक मुलगा आहे. तर दोन्ही मुलगेच असण्याची शक्यता किती? बहुतेक जण पटकन निम्मी म्हणतात. पण थोरलं-धाकटं धरून मोजा, मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगी-मुलगी, चारही सारख्याच शक्यतेचे. शेवटचा प्रकार बाद, उरले तीन, त्यातला कामाचा एकच. म्हणजे एक तृतीयांश. तेच "थोरला मुलगा आहे" असं सांगितलं असतं तर दोनच प्रकार उरले असते आणि उत्तर निम्मं आलं असतं. एवढ्याशा माहितीने उत्तर हलतं आणि आपल्या मनाला ते जाणवतही नाही.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. एका अपत्याचा दुसऱ्याशी काय संबंध? समजा तो माणूस मला रस्त्यात भेटला, सोबत एक पोरगा, म्हणाला हा माझा मुलगा, घरी अजून एक अपत्य आहे. घरचं अपत्य मुलगा असण्याची शक्यता निम्मीच ना? आणि मलाही "किमान एक मुलगा आहे" एवढंच कळलंय. मग ते एक तृतीयांश आलं कुठून?

धागाकर्ता
पण रस्त्यात भेटलेला पोरगा तुम्ही डोळ्यांनी बघितलाय, तो "हा" झाला. कोड्यात "हा" कोणीच नाही, त्यामुळे "दुसरं अपत्य" हा शब्दच लागू होत नाही.

प्रतिसाद २
तुम्ही दोघं माहिती काय मिळाली यावर भांडताय, ती मिळाली कशी ते कोणीच बघत नाहीये. मी काल भावाला समोर बसवून दोन नाणी उडवायला लावली, नाणी वाटीखाली, वाटी फक्त तो उचलून बघणार. आधी मी विचारायचो "एक तरी छापा आहे का?" आणि तो हो किंवा नाही म्हणायचा. शंभर वेळा केलं तर सरासरी २५ वेळा दोन्ही छापा, ५० वेळा एकेक, २५ वेळा दोन्ही काटा. "हो" येणार ७५ वेळा, त्यात दोन्ही छापा २५, म्हणजे एक तृतीयांश. मग नियम बदलला, मी काही विचारायचं नाही, त्याने डोळे मिटून एका नाण्यावर बोट ठेवायचं आणि ते काय आहे तेवढंच सांगायचं, "एक छापा आहे" किंवा "एक काटा आहे". आता त्या एकेकवाल्या ५० पैकी निम्म्या वेळा तो काटा म्हणणार. छापा ऐकू येणार ५० वेळा, त्यात दोन्ही छापा २५. निम्मं! वाटीखालची नाणी तीच, कानावर पडलेलं वाक्यही जवळपास तेच, उत्तर वेगळं.

प्रतिसाद ३
ही पळवाट वाटते मला. कोड्यात जे लिहिलंय तेवढंच घ्यायचं. "किमान एक" म्हणजे एक घटना गाळली, बाकी तीन समान, संपलं. विचारलं कोणी, बोट ठेवलं कोणी, हे आपण मनाने का घालायचं?

प्रतिसाद २
कारण न घालताही तुम्ही काहीतरी गृहीत धरताच. खुद्द गार्डनर यांनीही त्याच वर्षी पुढे मान्य केलं की प्रश्न संदिग्ध आहे. तीन दारांचं घ्या, एकामागे गाडी, दोनांमागे बकऱ्या, तुम्ही एक दार निवडलं, सूत्रसंचालकाने दुसरं उघडलं, आत बकरी. गाडी कुठे आहे ते त्याला माहीत असेल आणि तो मुद्दाम बकरीचंच दार उघडत असेल, तर दार बदलून जिंकायची शक्यता दोन तृतीयांश. पण त्याला काहीच माहीत नसेल तर? ३०० खेळ धरा. १०० वेळा तुमचं दार बरोबर, २०० वेळा चूक, त्या २०० पैकी १०० वेळा त्याच्याकडून गाडीचंच दार उघडलं जाणार, ते खेळ बाद. उरले १०० आणि १००, बदला नाहीतर नका बदलू. तुम्हाला दिसलेली बकरी दोन्हीकडे तीच आहे हो!

प्रतिसाद १
हे मात्र पटलं. पण मग मंगळवारचं काय? २०१० मध्ये कोडी रचणारे गॅरी फॉशी यांनी मांडलेलं, "दोन अपत्यं, त्यातला एक मंगळवारी जन्मलेला मुलगा", आणि उत्तर म्हणे १३/२७. वाराचा मुलगा-मुलगी होण्याशी काय संबंध?

प्रतिसाद २
त्यालाही आधी विचारलेलं हवं, "मंगळवारचा मुलगा आहे का?" आणि तो हो म्हणाला, तरच १३/२७. एका अपत्याचे १४ प्रकार, दोन लिंगं गुणिले सात वार. थोरला मंगळवारचा मुलगा अशा जोड्या १४, धाकटा तसा अशा १४, दोन्ही तसेच ही एक जोडी दोनदा मोजली म्हणून २७. त्यात दोन्ही मुलगे ७ आणि ७, वजा तीच एक, १३. सगळा खेळ त्या दोनदा मोजलेल्या जोडीचा आहे. नुसतं "मुलगा" म्हटलं की २ आणि २ वजा १, तीन जोड्या, त्यात ती एक फार जड पडते. २७ मध्ये ती जेमतेम जाणवते, म्हणून उत्तर निम्म्याला जाऊन टेकतं.

प्रतिसाद ३
दारांचं मान्य. मुलांच्या कोड्यात मी अजूनही एक तृतीयांशच लिहीन, कारण "किमान एक" असं वाक्य कोणी विचारल्याशिवाय बोलतच नाही.

धागाकर्ता
तेच तर कोड्यात लिहायला हवं होतं. वर असं वाचा: मी त्याला विचारलं, एक तरी मुलगा आहे का, तो हो म्हणाला.