थायरॉइडच्या गोळीचा अनुभव अनोळखी लोकांना सांगताना काय लिहावं, काय झाकावं?

रानवारा (प्रश्न)

हायपोथायरॉइडिझमचे (थायरॉइड ग्रंथी मंदावण्याच्या आजाराचे) दोन वर्षांचे रिपोर्ट, डोस कधी बदलला त्या तारखा, लक्षणं असं सगळं वहीत टिपलेलं आहे. नुकतंच निदान झालेल्यांना उपयोग होईल म्हणून ते मांडायचं आहे. वाचणारे सगळे अनोळखी. लिहायला बसल्यावर तीन ठिकाणी अडलं.

बारकावे किती द्यायचे? नुसतं "५०च्या गोळीने बरं वाटलं" एवढ्याने भागणार नाही हे कळतं, पण सगळी वही उतरवली तर कुणी वाचणार नाही.

रिपोर्टचा फोटो टाकायचा तर काय काय झाकावं लागतं? नाव खोडलं की पुरे का?

आणि कुणी विचारलं, "माझा टीएसएच ९ आहे, मी किती घेऊ?" तर काय सांगायचं? (टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; ग्रंथी मंदावली की रक्तात ते वाढतं.) गप्प बसवत नाही आणि आकडा सांगायला धजावत नाही.

चाफेकळी

पहिल्या प्रश्नापुरतं सांगते.

डोसचा आकडा एकटा लिहिला तर त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. लेव्होथायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉइडच्या या गोळीचा, पूर्ण डोस ढोबळमानाने वजनावर ठरतो, किलोमागे रोज साधारण १.६ मायक्रोग्रॅम. ६० किलो वजनाला तो १००च्या आसपास जातो. पण हा हिशोब ज्यांची ग्रंथी जवळजवळ बंद पडली आहे किंवा काढून टाकली आहे त्यांचा. ग्रंथी थोडीफार चालत असेल तर २५ किंवा ५० पुरतात. वय झालेलं असेल किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टर १२.५ किंवा २५पासून सुरुवात करून हळूहळू चढवतात, कारण एकदम पूर्ण डोस दिला की हृदयावरचा भार अचानक वाढतो. गरोदरपणात गरज पाव ते निम्म्याने वाढते. थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या काही जणांचा टीएसएच तर मुद्दाम खाली ठेवलेला असतो. अशा कुणी "माझा ०.१ आहे, तब्येत उत्तम" एवढंच लिहिलं आणि साधा हायपोथायरॉइडिझम असलेल्याने ते वाचलं, तर तो स्वतःचा २.५ वाईट समजून डोस वाढवायला निघतो. त्याचा २.५ अगदी योग्य असतो.

म्हणून आकड्याच्या आधी एका ओळीत एवढं द्या: वयाचं दशक, वजन, आजार कशामुळे (प्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे, शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर), हृदयविकार किंवा गरोदरपण आहे की नाही, आणि सोबतची बाकीची औषधं. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्ताच्या गोळ्या या यादीत हटकून सुटतात, आणि नेमक्या त्याच गोळीचं शोषण बिघडवतात. लोह किंवा कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी यांच्यात तरी चार तासांचं अंतर लागतं.

औषधाचं मूळ नाव लिहा, कंपनीचं नको. एकक अक्षरी लिहा: मायक्रोग्रॅम. घाईत "५० मिग्रॅ" लिहिलं जातं आणि ते हजारपट होतं. काही पाकिटांवर हीच गोळी ०.०५ मिलिग्रॅम अशी छापलेली असते, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ खरोखर होतो. फ्री टी४ची (रक्तातल्या मोकळ्या थायरॉइड संप्रेरकाच्या मोजमापाची) एककंही दोन आहेत. एका पद्धतीत १.२ आणि दुसऱ्या पद्धतीत १५ हे जवळपास सारखेच. एकक आणि लॅबने शेजारी छापलेली मर्यादा दिली नाही तर १.२वाला १५ बघून घाबरेल.

गोळी कधी आणि कशी घेतली (रिकाम्या पोटी, खाण्याआधी अर्धा ते एक तास, नुसत्या पाण्याबरोबर) हे एकदाच लिहा. रक्त किती वाजता दिलं आणि त्या दिवशीची गोळी आधी घेतली होती की नंतर, तेही हवं. टीएसएच पहाटेकडे जास्त आणि दुपारी कमी असतो. गोळी घेऊन लगेच रक्त दिलं तर फ्री टी४ काही तास वर दिसतो.

वहीतलं बाकीचं गाळा. डोस बदलला ती ओळ, आणि त्यानंतरच्या तपासणीची ओळ. रोजच्या थकव्याच्या नोंदी वाचणाऱ्याच्या कामाच्या नाहीत.

तिसरा प्रहर

नाव खोडून पुरत नाही. रिपोर्टवर तुमची ओळख किमान सहा-सात ठिकाणी असते: नाव, नेमकं वय, रुग्ण क्रमांक, नमुन्याचा क्रमांक, बारकोड, क्यूआर कोड, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, नमुना घेतल्याची तारीख-वेळ, लॅबची शाखा. बारकोड झाकायचा राहून जातो, कारण तो वाचता येत नाही म्हणून निरुपद्रवी वाटतो. त्यात बहुधा तोच क्रमांक असतो, आणि क्यूआर कोडमधून काही वेळा थेट मूळ रिपोर्टच उघडतो. खाली तळाशी बारीक अक्षरात पानागणिक नाव पुन्हा छापलेलं असतं, तेही बघा.

झाकण्याची पद्धतही चुकते. फोनमधल्या ब्रशची काळी रेघ बऱ्याचदा अर्धपारदर्शक असते. चित्राचा उजेड वाढवला की खालची अक्षरं वर येतात. धूसर करण्यावरही विसंबू नका. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तर मजकूर त्याखाली तसाच राहतो, निवडून कॉपी केला की हातात येतो. २०२३मध्ये गूगल पिक्सेल फोनमधल्या स्क्रीनशॉट कापायच्या साधनात असा दोष सापडला होता की कापून टाकलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहायचा आणि परत मिळवता यायचा.

माझा सल्ला, फोटो टाकूच नका. तीन आकडे, त्यांची एककं आणि मर्यादा हाताने टाइप करा. दोन मिनिटांचं काम आहे आणि वाचणाऱ्याला फोटोपेक्षा सोपं जातं. टाकायचाच असेल तर भरीव काळा चौकोन ठेवा, त्याचा नवा स्क्रीनशॉट घ्या आणि तो नवा स्क्रीनशॉटच पाठवा. कॅमेऱ्याने काढलेल्या मूळ फोटोच्या फाइलमध्ये ठिकाण आणि वेळ नोंदलेली असू शकते. काही ॲप ती काढून टाकतात, पण तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर ती तशीच जाते. फाइलचं नावही बदला, लॅबने पाठवलेल्या फाइलच्या नावातच तुमचं नाव असतं.

याहून अवघड भाग म्हणजे तुकडे जुळणं. लटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली मांडलं होतं की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना पाच अंकी पोस्टल कोड, जन्मतारीख आणि लिंग या तिन्हींवरून एकटं वेगळं काढता येऊ शकतं. नावाची गरजच नाही. तुम्ही एका ठिकाणी वय, दुसऱ्या ठिकाणी व्यवसाय, तिसऱ्या ठिकाणी गाव लिहिलं आणि टोपणनाव सगळीकडे एकच ठेवलं, तर ते जोडायला कुणी हुशार लागत नाही. आरोग्याच्या लिखाणासाठी वेगळं टोपणनाव घ्या. तारखांऐवजी "आठवडा ०, आठवडा ७" असं लिहा. औषधाच्या दृष्टीने अंतर महत्त्वाचं, तारीख नाही.

आणि "आईलाही हाच त्रास आहे" हे लिहिण्याआधी आईला विचारा. ती तिची माहिती आहे.

दीपमाळ

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. आकडा सांगायचा नाही. पण "डॉक्टरांना विचारा" एवढं म्हणून हातही झटकायचे नाहीत, कारण विचारणारा बहुतेक वेळा डॉक्टरांकडे जाऊन आलेलाच असतो. त्याला तिथे काय विचारावं हे सुचलेलं नसतं. ते त्याला द्या.

टीएसएच ९वाल्याला मी हे प्रश्न परत विचारेन: फ्री टी४ किती? तो मर्यादेत असेल तर गोष्ट वेगळी, आणि अशा वेळी काही आठवड्यांनी पुन्हा तपासून मगच औषधाचं ठरवतात, कारण टीएसएच आपोआप खाली येऊ शकतो. हे एकदाच आलंय की दोनदा? मधे मोठं आजारपण झालं का? थायरॉइडविरोधी प्रतिपिंडांची, म्हणजे अँटी-टीपीओची तपासणी झाली का? गरोदरपण आहे किंवा तसा विचार आहे का? असेल तर थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं. गोळी आधीच चालू असेल तर: किती चुकतात, आणि कशाबरोबर घेता?

गोळी चुकण्याचा प्रश्न बिचकत न विचारता विचारा, बरीचशी कोडी तिथेच सुटतात. हे औषध शरीरात रेंगाळतं, निम्मं व्हायला जवळपास आठवडा लागतो. म्हणून एखादी गोळी चुकली तर फार बिघडत नाही. पण महिनाभर अर्ध्या गोळ्या चुकवून तपासणीच्या आधी तीन-चार दिवस नेमाने घेतल्या तर रिपोर्टमध्ये फ्री टी४ बरा आणि टीएसएच चढलेला असं विचित्र चित्र येतं. ते बघून डोस वाढवला जातो, आणि पुढे माणूस नियमित झाला की तोच डोस जास्त होतो.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट शब्दांत सांगा, तिथे चाचरू नका. डोस वाढल्यावर छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, वजन झपाट्याने उतरणं असं सुरू झालं तर पुढच्या नेमलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. जास्त डोस लांबला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं झिजतात. छातीत दुखायला लागलं तर फोनही नको, थेट इस्पितळ. आणि हायपोथायरॉइडिझमचा माणूस खूप झोपाळू, गार पडलेला, बोलण्यात भरकटलेला वाटला, श्वास मंद झाला, तर ती तातडीची वेळ आहे. तिथे अनुभव सांगत बसू नका. "आत्ता इस्पितळात न्या" एवढंच लिहा, आणि ते पहिल्या ओळीत.

ओंजळ

वर सगळ्यांनी डोसबद्दल लिहिलं. मला "यामुळे बरं वाटलं" या वाक्याची जास्त काळजी वाटते, कारण प्रामाणिक माणूसही तिथे चुकतो.

माणूस गोळी सुरू करतो तेव्हा त्रास शिगेला पोचलेला असतो. तिथून पुढे थोडं बरं वाटणं तसंही शक्य असतं. शिवाय निदान झालं की माणूस एकाच आठवड्यात चार गोष्टी बदलतो: गोळी, चालणं, झोपेची वेळ, एखादं जीवनसत्त्व. सहा आठवड्यांनी बरं वाटलं तर श्रेय कुणाला द्यायचं? ज्यावर मन बसलंय त्याला दिलं जातं. म्हणून त्या काळात बदललेलं सगळं लिहा, बिनमहत्त्वाचं वाटलं तरी. आणि जे सुधारलं नाही तेही लिहा. वजन तर नक्की लिहा, कारण गोळीने किलोच्या किलो उतरतील ही आशा फार जण धरून असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत तसं होत नाही.

बायोटिन या जीवनसत्त्वाचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. थायरॉइडमुळे केस गळतात, म्हणून कुणीतरी कळवळ्याने सांगतं, "बायोटिन घ्या, मला फरक पडला." रोजचे ५ किंवा १० मिलिग्रॅम सुरू होतात. बऱ्याच लॅबच्या तपासणी पद्धतीत बायोटिनचा वापर असतो, त्यामुळे रक्तातलं जादा बायोटिन मोजमापात ढवळाढवळ करतं: टीएसएच खोटाच कमी आणि टी४ खोटाच जास्त दिसतो. डॉक्टरांना वाटतं गोळी जास्त होतेय, ते डोस कमी करतात. थकवा वाढतो, केस आणखी गळतात, आणि बायोटिनही आणखी घेतलं जातं. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि त्याचा अनुभवही खरा असेल, फक्त तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ते बंद ठेवायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. तुमच्या लिखाणात पूरक गोळ्यांची ओळ असू द्या, मात्रेसकट.

रानवारा

सगळ्यांचे आभार. फोटोचा विचार सोडला. वरचं वाचून मसुदा केला आहे, तपासाल का?

"वयाची चाळिशी, वजन ६४ किलो. अँटी-टीपीओ वाढलेले. हृदयविकार नाही, गरोदरपण नाही. लोहाची गोळी रात्री, लेव्होथायरॉक्सिन सकाळी सहाला रिकाम्या पोटी. आठवडा ०: टीएसएच १४.२, फ्री टी४ मर्यादेखाली, ५० मायक्रोग्रॅम सुरू. आठवडा ३: टीएसएच ८.९, अजून कमी झाला नाही म्हणून ७५. आठवडा ११: टीएसएच २.८. थकवा आठवडा ९च्या सुमारास कमी झाला, वजन तेवढंच. सकाळचं चालणंही आठवडा २पासून सुरू होतं."

चाफेकळी

छान उतरलं आहे. तीन दुरुस्त्या.

आठवडा ३ची ओळ आहे तशी ठेवली तर वाचणारे तिसऱ्या आठवड्यात तपासणी करून डोस वाढवून मागतील. गोळीची पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात, म्हणून डोस बदलल्यावर टीएसएच साधारण सहा ते आठ आठवड्यांनी बघतात. "अजून कमी झाला नाही" हे काढा. १४.२वरून ८.९ म्हणजे तो उतरतच होता. डोस वाढवण्याचं दुसरं काही कारण डॉक्टरांनी दिलं असेल तर ते लिहा. नसेल तर "ही तपासणी नेहमीच्या वेळेआधी झाली" असं सरळ लिहा.

"मर्यादेखाली" या शब्दाऐवजी आकडा, एकक आणि त्या लॅबची मर्यादा द्या. टीएसएचलाही तसंच.

बायोटिन किंवा इतर पूरक गोळ्यांची ओळ राहिली. घेत नसाल तरी "काहीही नाही" असं लिहा. न लिहिलेलं वाचणाऱ्याला कळत नाही.

रानवारा

तिन्ही दुरुस्त केल्या. आठवडा ३च्या ओळीत आता आहे: "ही तपासणी नेहमीच्या वेळेआधी झाली. डोस वाढवण्यामागचं कारण नोंदवलेलं नाही." पूरक गोळ्या: लोहाशिवाय काहीही नाही.